मोखाड्याकडे वळवलेले फोन

संस्थानाच्या काळात मी जव्हारला टेलिफोनवर नोकरीला होतो. कचेरीतल्या एका खोलीत लाकडी बोर्ड होता. बाहेरून फोन आला की त्यावरची पितळी झडप पडायची. मी दोरीची पिन घालून विचारायचो, कोण पाहिजे. बहुतेक फोन मुंबई-ठाण्याच्या लाकूड व्यापाऱ्यांचे. माल जव्हारच्या जंगलातला असेल तर इथल्या कचेरीत, मोखाड्याकडचा असेल तर तिथल्या लाकडाच्या डेपोत जोडून द्यायचा. बोलणं संपलं की पिन काढायची.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायको मोखाड्याच्या शाळेत मास्तरीण होती. आषाढात नाल्यांना पाणी आलं आणि गाडीवाट बंद झाली. पत्राला आठ-आठ दिवस लागायचे. घरचं बोलायला फोन वापरायचा नाही, असा आम्हाला हुकूम होता.

एकदा व्यापाऱ्याचं बोलणं संपलं, पण डेपोतले कारकून रिसीव्हर टेबलावरच ठेवून उठले. मी पिन काढणार, तोच मुलांचे पाढे ऐकू आले. शाळा डेपोला लागूनच होती. मुलांच्या आधी एक आवाज आकडा सांगत होता, तो तिचा. कारकून परत येईपर्यंत मी कान लावून बसलो.

त्यानंतर जव्हारचे फोनही मी मोखाड्याला जोडू लागलो. इथले साहेब फिरतीवर आहेत, असं व्यापाऱ्यांना सांगायचो. हा माल आमच्याकडचा नाही, असं कारकून वैतागून म्हणायचे आणि खात्री करायला आत जायचे. तेवढ्यात मी ऐकून घ्यायचो. भाताची आवणी सुरू झाल्यावर मुलं शेतावर गेली. मग नुसता पाऊस ऐकू यायचा, तरी मी पिन काढत नसे.

एक दिवस कारकून म्हणाले, "रोज चुकायला तुम्ही नवखे नाही. थांबा जरा."

थोड्या वेळानं बांगड्या वाजल्या.

"अहो," ती म्हणाली, "लोकांचे फोन असे भलतीकडे लावू नका. इथे कारकूनकाकांना बोलणी बसतात."

मी बरं म्हटलं. जेवणाचं कसं करतेस, असं विचारलं. शेजारच्या बाईंनी नागलीची भाकरी शिकवली, म्हणाली.

"मलाही करमत नाही इथे," ती हळूच म्हणाली आणि तिनंच रिसीव्हर ठेवला.

पुढे प्रत्येक फोन मी जिथला तिथेच जोडला. मोखाड्याची पिन काढताना मात्र हात रेंगाळायचा. पाणी ओसरलं तेव्हा गाड्या सुरू व्हायची वाट न पाहता मी मोखाड्याला चालतच निघालो.

पुढल्या वर्षी तिची जव्हारला बदली झाली. चाळीसेक वर्षं आम्ही एका घरात राहिलो. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील. घरात फोन आहे. वाजला की मी अजून उठतो. सून आधीच पोचलेली असते.