समीनाचा सुपारीचा कार्बन

समीना गेल्याचा फोन तिच्या भावाने केला, तेव्हा मी अलिबागजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत पोचतच होते. साधा ताप म्हणून दाखल झाली होती ती. महिना उलटला. रडून झालं, पण शोकसभेतली किळस काही जात नाही.

ती श्रीवर्धनची. वाडीत सुपारी सोलल्यावर उरलेली साल पोत्यांत भरून आणायची, भट्टीत हवेविना भाजायची आणि बारीक छिद्रांचा कार्बन बनवायची. पोटॅशियमच्या बॅटरीचं इलेक्ट्रोड त्याचं होणार होतं. पोटॅशियम स्वस्त, मुबलक; पण त्याचा कण लिथियमपेक्षा मोठा, आत-बाहेर करताना नेहमीचा कार्बन फोडून टाकतो. "लिथियमला खोली पुरते गं, ह्याला अंगण लागतं," ती म्हणायची.

सुरुवातीला तिचा कार्बन झकास चालला. मग चार्जिंगगणिक क्षमता घसरू लागली. विभागप्रमुखांनी आम्हा दोघींना बोलावलं. "घसरण दाखवायची गरज नाही. सुरुवातीचे आकडे छापा."

"सर, लोक बॅटरी पहिल्याच दिवशी वापरून टाकून देणार आहेत का?" समीनाने शांतपणे विचारलं. तिला प्रकल्पातून काढलं. तिची पोती आवारात भिजत पडली. चहा पिताना सगळे तिला 'सुपारीवाली' म्हणून हसायचे.

त्याच विभागप्रमुखांनी शोकसभेत तिच्या फोटोला हार घातला, डोळे पुसले आणि जाहीर केलं, की समीनाचं संशोधन यशस्वी झालं असून तिच्या नावानिशी छापायला पाठवलंय. पडद्यावर आलेख होता, घसरण सुरू होण्याआधी कापलेला. मेलेलं माणूस नकार देत नाही, म्हणून आता तिचं नाव चालत होतं. मागे बटाटेवडे वाटणं सुरू होतं. मी बाहेर आले.

श्रीवर्धनला जाऊन तिच्या अम्मीला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या पोरीचं नाव झूठवर नको. कुठं सही करू, सांग."

तिचं नाव काढा असा त्यांचा अर्ज आणि समीनाचे पूर्ण आकडे मी नियतकालिकाच्या संपादकांना पाठवले. लेख नाकारला गेला. साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. भेटले की गोड हसतात, आणि मला हात धुवावेसे वाटतात.

प्रकल्पातून काढल्यावरही, दवाखान्यात जाण्याआधी तिने चाचणीला लावलेल्या, शर्टाच्या बटणाएवढ्या बॅटऱ्या अजून यंत्रावर आहेत. भरतात, उतरतात, पुन्हा भरतात... दर वेळी थोड्या कमी. यंत्र जे आहे तेच नोंदवतं. मी ते कुणाला बंद करू देत नाही.