कुंदाताईंचा सायलेन्सर

कुंदाताई राऊत गाडीत बसण्याआधी पायातल्या चपला काढून शेजारच्या सीटखाली सरकवत. मग बॉनेटवर उलटा तळहात ठेवून बघत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. "आज अंग गरम आहे हिचं," म्हणत. सरकारी दवाखान्यात जन्मभर नर्स म्हणून काम केलेल्या बाईची ती सवय. गाडी पिवळीधमक, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. आणि तिच्या स्टिअरिंगमागे काठाची सुती साडी, नाकावर घसरलेला चष्मा आणि बुडाखाली घरून आणलेली उशी. आर्णीच्या रस्त्यावर ट्रकवाले वेग कमी करून बघत राहायचे. ताईंना त्याचं काही नसे. "पाहू दे बापा. पाहून कोणाचं काय झिजते?"

ताई जाऊन आता वर्ष उलटलं. लोहाऱ्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये रोज इतकी माणसं येतात, पण त्यांच्यासारखं दुसरं कोणी आलं नाही. आणि त्यांच्यामुळे जे मी ऐकलं, तेही पुन्हा कधी ऐकलं नाही.

पहिल्यांदा आल्या तेव्हा गाडी टेम्पोवर चढवलेली होती आणि शेजारी एक लांबट खोकं दोरीनं बांधलेलं होतं.

"इरफानभाऊ, हे माह्या भावाचं आहे. प्रवीणचं. तो गेला, गाडी राह्यली."

प्रवीण त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान. वडील लवकर गेले, आई शेतात राबायची, म्हणून त्याला वाढवलं ते ताईंनीच. त्याच्यासाठी त्यांनी लग्न केलं नाही, असं गावातले म्हणत. त्या स्वतः कधी म्हणाल्या नाहीत. तो पुण्यात नोकरीला लागला, हौसेनं ही गाडी जुनी विकत घेतली, दिवाळीला ती घेऊन गावी यायचा. एके दिवशी ऑफिसातच त्याचं हृदय बंद पडलं. त्याच्या तेरवीनंतर हे खोकं कुरिअरनं गावी आलं. जाण्याआधी त्यानं मागवलेला नवा सायलेन्सर होता तो. फोनवर ताईंना म्हणाला होता, "आता मी येतो तं तुले फाट्यावरूनच समजंल."

ताईंनी मला विचारलं, "हा लावू का कंपनीचाच राहू देऊ?"

मी दोन्ही बाजू सांगितल्या. कंपनीचा शांत, पोलीस अडवत नाहीत, लांबच्या प्रवासात डोकं दुखत नाही. नवा मोकळ्या घशाचा; गाडी थोडी चपळ होईल, पण गाव उठून बसेल. "वस्तू चांगली आहे ताई, पण या वयात..."

"वय माह्यं आहे. गाडी त्याची आहे," त्या म्हणाल्या. मग खोक्यावरची दोरी चाचपत म्हणाल्या, "घरी माय आहे. तिले धसका बसंल. सध्या कंपनीचाच राहू द्या."

खोकं न उघडताच मी वरच्या फळीवर चढवून ठेवलं. पुढे रविवारी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यांवर ताई गाडी शिकल्या, मी शेजारी बसून. ब्रेकवर पाय पडला की उशीसकट पुढे सरकायच्या आणि स्वतःवरच हसायच्या. महिन्याभरात त्या गाडी घेऊन महागावच्या पुढे, उमरखेडच्या वाटेवरच्या आपल्या गावी गेल्या. सर्व्हिसिंगला मात्र माझ्याकडेच यायच्या. येताना पिशवीभर तुरीच्या शेंगा.

कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा त्या आल्या, त्या शेंगांशिवाय.

"ते खोकं आहे ना तुमच्यापाशी? उघडलं तं नाही कोणी?"

मी शिडी लावून खोकं खाली घेतलं. त्यावर धुळीचा थर होता. कुरिअरची चिकटपट्टी जशीच्या तशी. ताईंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि स्टुलावर बसल्या.

"गावात आवाज येऊन राह्यला, भाऊ. रोज दिवे लागायच्या टायमाले. माय म्हणे, प्रवीण आला. मले वाटलं, म्हातारी आहे, मन मानत नसंल. मंग शेजारची सुमनबाई म्हणाली, ताई, गाडी दुरुस्त करून घ्या, लय आवाज करते. मी म्हटलं, माही गाडी तं कधीची घरात उभी आहे! फाट्यावरचा पानठेलेवाला गजानन खुर्ची रस्त्यातून मागं घेते. म्हणते, जाड आवाज येते, अन् पाय सोडला की दोन फटाके फुटल्यावाणी वाजते. वाजते, अन् गाडी काही येत नाही."

"आणि तुम्हाला?"

ताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. "मलेच येत नाही. साऱ्या गावाले येते. ज्याले म्या कडेवर वागवला, त्याचा आवाज मलेच काहून येत नसंल, सांगा बरं?"

मी खोक्यावरची धूळ फडक्यानं पुसू लागलो.

"माय रोज चहा मांडते त्याच्यासाठी," त्या पुढे म्हणाल्या. "आवाज येते, माणूस येत नाही. मंग रडत बसते. तिचं रडणं पाहवत नाही मले. हा नवा लावून द्या. मी त्याच टायमाले घरी जात जाईन. आवाजामागून कोणीतरी उतरलेलं तं दिसंल तिले."

दुपारपर्यंत मी सायलेन्सर बसवला. ताईंनी चावी फिरवली. आधी खोकल्यासारखा एक झटका, मग घोगरा, जाड सूर पत्र्याच्या शेडभर पसरला. त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तसे मागच्या नळीतून दोन फटाके फुटले. शेजारच्या कारखान्यातली माणसं बघायला बाहेर आली. त्या सीलबंद खोक्यातला हा आवाज जगात पहिल्यांदा निघत होता, आणि गजाननला तो पाठ होता.

ताईंचा चेहरा उतरला होता. "भाऊ, आज संगं या," एवढंच म्हणाल्या.

आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा पश्चिमेला अजून लाली होती. गजाननची खुर्ची आधीच मागे घेतलेली होती. आम्हाला पाहून त्याच्या हातातलं पान तसंच राहिलं.

"ताई? अवं, आता तं गेली ना तुमची गाडी घराकडं!"

ताईंनी गाडी थांबवली नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून त्या पुढे पाहत राहिल्या. गल्लीत शिरताना दारं-खिडक्या हादरतील असा आवाज होत होता, तरी एकही माणूस बाहेर आलं नाही. ज्यांना बघायचं होतं, ती जणू बघून आत गेली होती.

आई ओट्यावर बसलेली होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची. तिच्यासमोर चहाची रिकामी कपबशी होती आणि चेहरा अगदी निवांत.

"कुंदे, हळू बोल," ती म्हणाली. "दमून आला तो. आत हातपाय धुऊन राह्यला."

न्हाणीतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी तो ऐकला. हे मी कोणाला पटावं म्हणून सांगत नाही, ऐकला, इतकंच. ताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना समजलं असावं, कारण त्यांनी हळूच विचारलं, "येऊन राह्यला का आवाज?" मी मान डोलावली. त्या आत गेल्या. लगेच परत आल्या.

"नळ बंद आहे. फरशी कोरडी आहे," म्हणाल्या, आणि आईच्या शेजारी ओट्यावर बसल्या. आईनं त्यांच्या मांडीवर हात ठेवला. मी कंपाउंडच्या भिंतीला टेकून उभा होतो. ताईंच्या तोंडावर भीतीचा लवलेश नव्हता. जेवायच्या पंगतीत आपल्यालाच वाढायचं राहून गेलेल्या पोरासारख्या त्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मला घेऊन लोहाऱ्याला आल्या. "काढून टाका हे. कंपनीचा लावा."

"भीती वाटली का ताई?"

"भावाची कायची भीती? पण भाऊ, इतक्या दिवसात काल माय पहिल्यांदा रडली नाही. तो आत आला म्हणते. आता माह्या गाडीनं एवढा गोंगाट केला तं त्याचा आवाज बुडून जाईन. त्याले त्याच्या आवाजानं येऊ द्या. मी गुपचूप येत जाईन."

मी नवा सायलेन्सर उतरवला, पुन्हा खोक्यात घातला. त्यानंतर ताईंची आई वर्षभर जगली. रोज संध्याकाळी ती प्रवीणशी बोलायची, त्याचं लग्न जमवायची, त्याच्यावर रागवायची. ताई शेजारी बसून तांदूळ निवडायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "माय, त्याले विचार, मी दिसते का त्याले?" आई हसून म्हणायची, "तुह्यासाठीच तं येते तो." ताईंना खरं वाटायचं नाही. आई झोपेतच गेली. त्या दिवसापासून गावातला आवाज बंद झाला. गजाननची खुर्ची पुन्हा रस्त्याला लागून राहू लागली.

ताईंना मी शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला. ऑइल बदलायला आल्या होत्या. वाळल्या होत्या फार, पण डोळे चमकत होते. पाणी प्यायल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "भाऊ, काल आला."

"काय?"

"आवाज. मले. बाकी कोणालेच नाही आला. सुमनबाईले विचारलं, गजाननले विचारलं. फक्त मले." आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "तुम्ही लावला होता ना, तस्साच. पाय सोडला की दोन फटाके. घरासमोर येऊन थांबली गाडी. मी ओट्यावरच होती. दिसलं काही नाही. पण दारं लागल्याचं ऐकलं."

"प्रवीण होता?"

"दोन्ही दारं लागली, भाऊ. माय होती संगं."

मी म्हणालो, "ताई, तुम्ही एकट्या राहता, काही दिवस आमच्या घरी या. माझी बायको सलमाही म्हणत होती."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो थंड होता. "दोघायचीच गाडी आहे ते. माह्यासाठी जागा नाही तिच्यात. मले माह्याच गाडीनं जा लागंल." मग उठल्या, बॉनेटवर उलटा हात ठेवला, चपला सीटखाली सरकवल्या. "जाते. चहा मांडायचा आहे. आज तीन कप."

मी फाटकापर्यंत गेलो. त्यांनी काच खाली करून हात हलवला. पिवळी गाडी वळणावरून गेली आणि मागे रस्त्यावर कसलाच आवाज राहिला नाही.