कोकण मंडळाचं गाऱ्हाणं

जळगावात कोकणी लोकांचं एक मंडळ होतं. लग्नानंतर जळगावला आल्याबरोबर माझे यजमान त्यात शिरले, म्हणून मलाही जावं लागलं, आणि पहिल्या दिवसापासून मला ते आवडलं नाही. हळूहळू आवडेल असं सगळे म्हणायचे. नाही आवडलं. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी त्या माणसांची आठवण आली की तोंडात शिवी येते. ती गिळून लिहिते आहे.

मी सोनगीरच्या बाजूची. वडील कपाशीच्या गाड्या घेऊन धुळ्याच्या जिनात जायचे आणि तिथे काट्यावर हे कारकून होते. हा माणूस मापात मारत नाही, एवढ्या एका गुणावर वडिलांनी त्यांना जावई करून घेतलं. जात एकच, हाताला नोकरी, वर सासू नाही; आणखी काय पाहायचं? मूळचे ते मालवणकडचे. आईबाप साथीत गेले तेव्हा चुलता त्यांना इकडे घेऊन आला, त्या वेळी ते दहा-अकरा वर्षांचे असतील. लग्नानंतर त्यांना जळगावच्या जिनात जागा मिळाली, आणि तिथे हे मंडळ आमच्या राशीला आलं.

मंडळात गिरणीतले जॉबर होते, पोस्टातले कारकून होते, दवाखान्यातला कंपाउंडर होता, रेल्वेतले दोघे-तिघे होते. अध्यक्ष पोस्टातून निवृत्त झालेले. कोकण म्हटलं की त्यांचे डोळे भरून यायचे, पण त्यांचा जन्म भुसावळचा. समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता आणि तोही मुंबईचा. बाकीच्यांचीही तीच तऱ्हा. कोणाचा आजा इकडे आलेला, कोणाचा बाप. खरोखर कोकणातल्या मातीत खेळलेला माणूस म्हणजे माझे यजमान आणि एक म्हातारा जॉबर. तरी मालवणी कशी बोलावी हे यांना शिकवायचे भुसावळचे अध्यक्ष!

मंडळाची खोली भाड्याची होती. अंगणात एक कडुनिंब होता आणि त्याच्याखाली शेंदूर लावलेला एक दगड. तो यांचा ग्रामदेव. खोलीत शिरलं की फक्त मालवणी बोलायचं असा नियम. पोरं जन्मल्यापासून गल्लीत खानदेशी बोलणारी. ती बिचारी आत आली की मुकी व्हायची. बायका आणखी नमुनेदार. पार्सलातून आमसुलं आली की नुसता वास घेऊन हरखायच्या. मी एकदा वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर नेली, तर कंपाउंडरच्या बायकोनं ते पातेलं सरकवून कोपऱ्यात ठेवलं आणि म्हणाली, “घाटावरचा जेवण, तिखट असता.” माझ्या तोंडावर मला घाटीण म्हणत. माझी मुलगी झाली तेव्हा बारशाला येऊन एकीनं म्हटलं, “बापाचा तोंड घेतल्यान, बरा झाला.”

नारळी पौर्णिमेला सगळे मेहरुणच्या तळ्यावर जायचे आणि समुद्र समजून त्यात नारळ सोडायचे. वारा असला की नारळ परत काठाला यायचा. गुराखी पोरं टपूनच असायची. ती तो उचलून तिथेच फोडून खायची, आणि आमच्याकडचे लोक पाठ फिरवून उभे राहायचे, म्हणजे दिसलंच नाही. मी एकदा मोठ्यानं हसले. त्यावरून घरी दोन दिवस अबोला होता.

या सगळ्यात एक गोष्ट त्यांची फार आवडती होती, ती म्हणजे गाऱ्हाणं. कोकणात देवापुढे गावाच्या वतीनं जाणता माणूस बोलतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे होकार देतात. इथे जाणते अर्थात अध्यक्ष. ते नारळ हातात घेऊन, डोळे मिटून, खर्जातल्या आवाजात सुरू करायचे, “बा देवा म्हाराजा! आज तुझी लेकरां परमुलखात जमली हत, तेंचो सांभाळ कर रे म्हाराजा!” की सगळे ओरडायचे, “व्हय म्हाराजा!” मग कोणाची बढती, कोणाचं आजारपण, कोणाचं मूलबाळ. एकेका वाक्यावर “व्हय म्हाराजा!” ऐकत कोणीही नसायचं. बायका डब्यांकडे पाहत, पुरुष एकमेकांच्या कोटांकडे, आणि ‘म्हाराजा’ कानावर पडला की तोंडं आपोआप उघडायची.

मुलीला सोळावं सरलं, त्या वर्षीची नारळी पौर्णिमा. तळ्याच्या काठावर गाऱ्हाणं चाललं होतं. मी पोरीच्या वेणीत गजरा माळत होते. कंपाउंडरच्या बदलीचं झालं, म्हाताऱ्या जॉबरच्या गुडघ्यांचं झालं, आणि अध्यक्ष त्याच आवाजात म्हणाले, “आमच्या काटेवाल्याच्या चेडवाचा लगीन आपल्या मुलखात जुळता हा, ता तडीस ने रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

चेडू म्हणजे मुलगी, काटेवाला म्हणजे माझे यजमान. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता. मी गजरा हातात धरून तशीच उभी राहिले.

घरी आल्यावर कळलं ते असं. अध्यक्षांच्या बायकोच्या भावाचा मुलगा. मुंबईला गिरणीत. म्हणजे नवरा मुंबईत खोली वाटून राहणार आणि बायको कोकणात सासूपाशी भात लावणार. दिवाळी झाली की मुलीला पाहायला यायचे होते. पाहणं नावाला, अध्यक्षांनी शब्द दिलाच होता. यजमानांना आधी काही विचारलं होतं का? तर नाही. त्यांनाही ते तळ्यावरच कळलं.

“मग व्हय कशाला म्हणालात?” मी विचारलं.

“सगळेच म्हणाले.”

“सगळ्यांची मुलगी आहे का ती?”

“आता देवासमोर म्हटलंय,” ते म्हणाले. “मागे कसं फिरायचं? आणि वाईट काय आहे त्यात? आपला मुलूख आहे.”

आपला मुलूख! जळगावहून मुंबई, मुंबईहून बोट, बंदरावर उतरून बैलगाडी. पावसाळ्यात त्या बोटीही बंद. चार महिने पोरगी जिवंत आहे की मेली हे कळायची सोय नाही. मला बाकी काही नको होतं. माझी लेक माझ्या हाकेच्या टप्प्यात राहावी, एवढंच. धुळ्याला द्या, जामनेरला द्या, गरिबाला द्या, पण जिथे मी एसटी नसली तरी बैलगाडीनं पोचेन तिथे द्या. हे मी रडून सांगितलं, भांडून सांगितलं, एक दिवस चूल न पेटवता सांगितलं. त्यांचं एकच, देवासमोर म्हटलंय.

पोरगी बापापुढे गप्प बसायची. माझ्याजवळ एकदाच बोलली, तेही भांडी घासता घासता, “माय, पानीपाऊसमा बोटी बंद ऱ्हातीस. मी तठे मरी गऊ ते तुले कोन सांगी?”

मग मी अध्यक्षांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला विचारलं, “अक्का, तुमच्या मुली कुठे दिल्या?” एक भुसावळला, एक नाशकाला. कंपाउंडरची अकोल्याला. पोस्टातल्या कारकुनाची इथे जळगावातच, दोन गल्ल्या सोडून. साऱ्या मंडळात एकानंही आपली मुलगी कोकणात दिलेली नव्हती. मी अध्यक्षांना तसं म्हटलं, तर ते शांतपणे म्हणाले, “योग नव्हता. तुमच्या मुलीचा आहे. नशीबवान आहे.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! त्या क्षणी त्यांच्या हातातली तपकिरीची डबी हिसकावून त्यांच्याच डोळ्यांत रिकामी करावी असं मला वाटलं. मी नमस्कार करून बाहेर पडले.

दसऱ्याला मंडळाच्या अंगणात सोनं वाटायचा कार्यक्रम असायचा आणि तेव्हाही गाऱ्हाणं व्हायचं. पोरीनं यायला साफ नकार दिला. ती घरीच राहिली. मी मात्र नवं लुगडं नेसून, पदराखाली नारळ घेऊन गेले. अध्यक्षांचं गाऱ्हाणं संपलं. शेवटी ते रिवाजाप्रमाणे म्हणाले, आणखी कोणाचं काही सांगणं असेल तर नारळ घेऊन पुढे या. असं कोणी पुढे आलं की त्याच्या वतीनं ते बोलत. मी पुढे झाले.

“काय सांगायचं आहे?” त्यांनी विचारलं.

“माझं मीच सांगते,” मी म्हणाले. “माझ्या भाषेत.”

बायकांनी नाकं मुरडली. पण अध्यक्ष त्या दिवशी खुशीत होते. “सांगू दे,” ते म्हणाले. “सोयरीक व्हतली आता. देवाक सगळ्या भाषा कळतत.”

मी डोळे मिटले नाहीत. त्यांचाच खर्ज काढला आणि म्हटलं, “देवा, आठे जमेल बठ्ठासले सुखी ठेव, महाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“यासना पोरेसोरेसले दूधभात मिळू दे, महाराजा!”

“व्हय म्हाराजा!” कोणी तरी मागे डब्याचं झाकण उघडत होतं.

“ह्या म्हनतस, हाऊ परमुलूख शे, आठे यासना जीव रमत नही, महाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“मंग येती होळीना पहिले बठ्ठासले, बायकापोरेससंगे, यासना मुलखमा लई जाय. आनि परत आठे येऊ देऊ नको, महाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

होळीआधी सगळ्यांना बायकापोरांसकट कायमचं कोकणात ने, या मागण्याला मिळाला तसा दणदणीत होकार त्या अंगणात क्वचितच ऐकू आला असेल. आधी पोरं हसली, कारण त्यांना खानदेशी समजत होती. मग पोस्टातल्या कारकुनाचा धाकटा घाबरून म्हणाला, “आबा, आपुन कायमनं जातस का? मनी शाळा?” त्यावर मोठ्यांच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते. कंपाउंडरची बायको छातीला हात लावून खालीच बसली. जळगावात ज्यांनी घरं बांधली होती, त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते. अध्यक्षांनी तर त्याच वर्षी स्टेशनच्या बाजूला घराचा पाया घातला होता.

“हे मागे घ्या,” ते म्हणाले. मालवणी कुठल्या कुठे गेली होती.

“कसं घेऊ?” मी म्हणाले. “देवासमोर म्हटलंय. सगळ्यांनी हो म्हटलंय.”

“बाई, थट्टा करू नका. दसऱ्याच्या दिवशी अभद्र बोलता?”

“कोकणात जा म्हणणं अभद्र आहे का? मग माझ्या पोरीला तुम्ही कुठे पाठवता आहात?”

ते लाल झाले. सगळे त्यांच्याकडे पाहत होते, बायका तर जीव मुठीत धरून. शेवटी ते ओरडले, “अहो, रीत आहे ती! तोंडातून निघतं ते. त्याच्यावर कोणी संसार ठरवतं का? देव काय प्रत्येक शब्द धरून बसतो?”

मला एवढंच हवं होतं. मी यजमानांकडे वळले आणि म्हणाले, “ऐकलंत? देव धरून बसत नाही. मुलीचं लग्न मोडलं.”

अध्यक्ष म्हणाले, असल्या घाटिणीची मुलगी आमच्या घरात नकोच. मंडळानं मला दिलेली ही एकच चांगली वस्तू. नारळ मी दगडावर फोडला, एक भकल अध्यक्षांच्या बायकोच्या हातात ठेवलं आणि निघाले.

यजमान माझ्यामागून येत होते. वाटेत लोक सोनं द्यायला थांबवत होते, हे हात पुढे करत होते, पण बोलत नव्हते. मला वाटलं, चारचौघांत नाचक्की झाली म्हणून रागावलेत. मीही भांडायच्या तयारीतच होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

“तू आता मागितलंस ना,” ते म्हणाले, “सगळ्यांना परत ने म्हणून. मी मनापासून व्हय म्हटलं.”

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. एवढ्या वर्षांत हा माणूस असं कधी बोलला नव्हता. मंडळ म्हणजे मला यांचं खूळ वाटायचं. नाटक, सोलकढी, नारळ.

“मग जायचं होतं,” मी म्हणाले. “अडवलं कोणी?”

“कोणाकडे जाऊ? घर तिकडच्या भाऊबंदांनी घेतलं. आईचं तुळशीवृंदावन तेवढं डोळ्यांसमोर आहे.” मग त्यांची बोली बदलली. मंडळात बोलायचे ती नव्हे, लहान मुलासारखी. “माका जावक गावला नाय. म्हटलंय, चेडू तरी जायत.”

मला जायला मिळालं नाही, निदान मुलगी तरी जाईल! त्यांचे डोळे भरले होते. दुसऱ्या कोणाचे भरले असते तर मलाही भरून आलं असतं.

“म्हणजे तुमच्या जागी माझी लेक,” मी म्हणाले.

ते डोळे पुसत गल्लीत शिरले. पुढे मुलगी धुळ्याला दिली. दर महिन्याला येऊन जायची, बापासाठी घावणे करायची. ते तिच्या हातचे घावणे खाताना मी समोर बसत असे, वाढत असे. मंडळाला मी केव्हाच सोडून दिलं. त्यांना मात्र ‘चेडू तरी जायत’ या एका वाक्याची माफी मी शेवटपर्यंत दिली नाही, आणि त्यांनीही कधी मागितली नाही.