कंपनीचा जॅक आणि हिरवी जाळी

गल्लीतले लोक गॅरेजवाल्या दोघा भावांतल्या थोरल्याला मास्तर म्हणत. शाळेत तो सातवीपर्यंत गेला होता आणि सातवीनं त्याला दोनदा परत पाठवलं होतं. पण गाड्यांवर बोलायला लागला की समोरच्याला आपणच बाकावर बसलोय असं वाटायचं. गाडी दारात यायच्या आधी नुसत्या आवाजावरून रोग सांगायचा. दहापैकी आठ वेळा बरोबर निघायचा. उरलेल्या दोन वेळा गाडीच खोटं बोलत असायची.

गॅरेज त्याचं. गॅरेजवरच्या दोन खोल्या त्याच्या. आणि धाकटा भाऊसुद्धा त्याचाच, हे तो पाटी लावल्यासारखं सांगायचा. "याला मी वाढवला. बाप गेला तेव्हा माझ्या गुडघ्याला लागत होता. वेल्डिंगचा दांडा मीच दिला हातात." धाकटा आता पस्तिशीचा होता, केस पांढरे व्हायला लागले होते, तरी हे ऐकताना वेल्डिंगचा चष्मा पुसत गप उभा राहायचा. पत्र्याच्या कामात मात्र त्याच्यासारखा हात आसपास नव्हता. हेही थोरलाच सगळ्यांना सांगायचा, फक्त शेवटी "शिकवला मी" एवढं जोडून.

तर एका वर्षी कप्तानांची गाडी आली. कप्तान म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले एक सरळ पाठीचे म्हातारे. तिशीत घेतलेली त्यांची स्पोर्ट्स कार बुटकी, दोन सीटांची, लांब नाकाची होती. वीस वर्षं शेडमध्ये पडलेली. ट्रकवरून उतरवली तेव्हा खाली गंजाचा चुरा सांडला. पण डिकी उघडली तर आत कॅनव्हासच्या पिशवीत कंपनीचा मूळ जॅक, जसाच्या तसा, तेल लावलेला.

तो जॅक म्हणजे एक प्रकरणच असतं. तळहाताएवढी बैठक, तिच्यावर उभा स्क्रू, वर फिरवायचा दांडा, आणि मधून आडवी निघालेली लोखंडी जीभ. दाराखाली जो पेटीसारखा बंद पत्रा असतो, गॅरेजात त्याला उंबरा म्हणत, त्याला मधोमध एक भोक असतं. जीभ त्या भोकात घालायची आणि दांडा फिरवायचा. गाडीची एक बाजू अख्खी उचलली जाते, पुढचं-मागचं चाक एकदम हवेत. दिसतं फार सुंदर. पण गाडीचा सगळा भार त्या उंबऱ्यावर येतो, आणि जुन्या गाडीला गंज पहिला लागतो तो तिथंच, आतून. म्हणून शहाणे मिस्त्री तो जॅक डिकीतच ठेवायला सांगतात.

"दाखवायला ठेवतात ते दागिने," थोरला म्हणायचा. "जॅक लावायला असतो."

धाकट्यानं डावा उंबरा कापला तेव्हा आत नुसता भुगा होता. दोन आठवडे खपून त्यानं आतली सगळी पेटी नवी बनवली. मग उजव्याला हात घालणार, तर थोरला म्हणाला, "आता पेंट. कप्तानांचा ऐंशीवा वाढदिवस एक तारखेला आहे. मी शब्द दिलाय."

"दादा, उजवा डाव्यापेक्षा वाईट आहे. अजून दोन आठवडे लागतील."

"जाळी टाक, वर लांबीची पुट्टी भर, घास. तिथं वाकून कोण बघतंय?"

"मी नाही करणार."

"नको करूस. मला हात नाहीत का?"

धाकटा गॅसचा सिलिंडर बदलायला गेला त्या दुपारी थोरल्यानं स्वतः ते केलं. गंजानं पडलेल्या भोकात जाळी कोंबली, वर लांबीचे थर दिले, पॉलिश पेपरनं असं घासलं की आरशानं लाजावं. काम देखणं झालं, यात वाद नाही. त्यानं वाईट काम केलं तरी ते देखणं करायचा. धाकट्यानं परत आल्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. पत्र्याचा आवाज येतो टण्ण. इथं आला भद्द.

"वाढदिवस झाला की गाडी परत आणून नीट करू," धाकटा म्हणाला. "तोवर त्या बाजूला तो जॅक नको लावू देऊस कुणाला."

"कोण लावतंय रे!"

आणि मग एक तारखेपर्यंत थोरला रोज सांगत सुटला. टायरवाल्याला सांगितलं, समोरच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं, फोनवर कप्तानांना सांगितलं: "दोन्ही उंबरे आतून नवे. कंपनीनंसुद्धा एवढं जाड घातलं नव्हतं." इतक्यांदा सांगितलं की त्याचं त्यालाच ते खरं वाटायला लागलं. त्याच्या डोक्यात आता जाळी उरलीच नव्हती.

एक तारखेला, रविवारी सकाळी, कप्तान आले. बरोबर एक गृहस्थ होते. जुन्या गाड्यांच्या एका संग्रहालयाचे मॅनेजर. त्यांना पत्र्याच्या कामाचा मुख्य मिस्त्री हवा होता, आणि कप्तानांनी धाकट्याचं नाव सुचवलं होतं. काम बघायला ते आले होते. थोरल्याला हे आठवडाभर आधी कळलं होतं; अख्ख्या गल्लीला त्यानं आमंत्रण दिलं होतं. दारात टायरवाला, इस्त्रीवाला, अजून चारजण चहाचे ग्लास घेऊन उभे.

गाडी लालभडक चमकत होती. कप्तानांनी तिच्या नाकावरून हात फिरवला. मग डिकी उघडून जॅकची पिशवी काढली.

"एकदा माझ्या हातानं चाक बदलू द्या. पुढच्या वर्षी गुडघे ऐकतील की नाही, सांगता येत नाही."

"साहेब, ट्रॉली जॅक देतो," धाकटा चटकन म्हणाला. "तो जॅक आता जुना झालाय."

"मीपण झालोय," कप्तान म्हणाले. सगळे हसले.

थोरल्याची छाती पुढे आली. "कंपनीची गाडी, कंपनीचा जॅक, आणि मधलं काम आपलं. लावा साहेब, बिनधास्त!" त्यानं जॅक उचलला आणि उजव्या दाराशी जाऊन बसला, कारण मंडळी त्या बाजूला उभी होती.

"दादा, डावीकडून लावू."

"का? उजवीला काय झालंय?"

धाकट्यानं एकदा मॅनेजरांकडे पाहिलं, एकदा दारातल्या लोकांकडे, आणि एकदा भावाच्या तोंडाकडे. त्या तोंडावर काही आठवत असल्याची खूणच नव्हती. एवढ्या लोकांत भावाला काय सांगणार? "तिकडे फरशी सपाट आहे," तो म्हणाला.

"फरशी मीच घातलीय, दोन्हीकडे सपाट आहे."

मग धाकट्यानं काय केलं, तर डाव्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि स्टेपनी आडवी करून गुपचूप उजव्या बाजूनं गाडीखाली सरकवली. थोरला हसून मॅनेजरांना म्हणाला, "भित्रा आहे हो थोडा. हात मात्र सोन्याचा."

कप्तान स्टुलावर बसले. मागच्या चाकाचा मधला पंखासारखा नट त्यांनी तांब्याच्या हातोडीनं आधी सैल केला, अगदी रीतीनं. थोरल्यानं जीभ भोकात घातली, दांडा फिरवला. गाडी उचलली. दोन्ही चाकं हवेत. टायरवाल्यानं शिट्टी मारली. कप्तानांनी नट काढला, चाक ओढून मांडीवर घेतलं, आणि लहान पोरासारखे हसले.

तेवढ्यात कापड फाटल्यासारखा आवाज झाला.

धाकटा कप्तानांच्या पाठीशीच उभा होता. त्यानं काखेत हात घालून त्यांना चाकासकट मागे खेचलं. जॅकची जीभ उंबरा फाडत वर गेली आणि गाडी खाली बसली, धाडकन, स्टेपनीवर. स्टेपनी नसती तर चाकामागच्या ब्रेकच्या ड्रमनं फरशी फोडली असती, आणि जिथं फोडली असती तिथं आधी म्हाताऱ्याचं पाऊल होतं. कप्तानांचं कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं.

फाटलेल्या उंबऱ्यातून लांबीच्या खपल्या पडत होत्या, तांबडा भुगा पडत होता, आणि हिरव्या जाळीचं एक टोक बाहेर लोंबत होतं. ते टोक पाहिलं आणि थोरल्याला सगळं आठवलं. सगळेजण त्याच्याकडेच बघत होते. तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते असं:

"हे वेल्डिंगचं काम याचं. मी किती वेळा बजावलं होतं!"

धाकट्यानं मान वर केली. भावाकडे बघितलं, फार तर दोन क्षण. मग ट्रॉली जॅक आणायला गेला.

कप्तान कोपराला रुमाल बांधत म्हणाले, "असू दे बाळा, माणसाच्या हातून होतं." हे ते धाकट्याला म्हणाले. मॅनेजरांनी डायरी खिशात ठेवली आणि म्हणाले, "बरं. बघू." दारातले लोक ग्लास ठेवून एकेक करून पांगले.

दुपारी थोरल्याची बायको जेवायला हाक मारायला खाली आली. धाकट्यानं कचरा झाडून कोपऱ्यात लोटला होता आणि तो गाडीखाली शिरून उजवा उंबरा कापत होता. तिनं विचारलं, "काय झालं हो?"

"धाकट्यानं घाण केली," थोरला म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणायला सोपं गेलं, याचं त्याचं त्यालाच विचित्र वाटलं.

तिनं वाकून कचऱ्यातून जाळी उचलली, उलटसुलट करून पाहिली. "ही माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीची. नवी बसवली तेव्हा जुनी तुम्हीच खाली नेली होती. म्हणालात, गॅरेजच्या माळ्याला लावतो." गाडीखालून ग्राइंडरचा आवाज येत होता. ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊजींनी जन्मात कधी जाळी कोंबलीय का? आणि तुम्ही ते त्यांच्या नावावर घातलंत? त्यांच्यादेखत?"

ती वर गेली. थोरला ताटावर बसला, पण घास फिरत राहिला. खाली ग्राइंडर चालू होता. प्रत्येक वेळी तो थांबला की याला वाटायचं, आता धाकटा वर येईल आणि बोलेल. तो आला नाही. शिव्या दिल्या असत्या तर यानं दुप्पट दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण तसं काही होईना.

शेवटी त्यानं कॅनव्हासची पिशवी उचलली. जॅकला काही म्हणजे काही झालं नव्हतं. पिशवीत जाळी टाकली आणि कप्तानांच्या घरी चालत गेला. वाटेत वाक्यं जुळवली. त्याला कप्तान एकटे हवे होते. पण मॅनेजर तिथंच बसलेले, चहा घेत.

"साहेब, जॅक राहिला होता तुमचा," थोरला म्हणाला, आणि मग उभ्याउभ्याच, "ती लांबी मी भरली होती. एकट्यानं. धाकटा नाही म्हणाला होता. डावा उंबरा त्याचा आहे, त्याच्यावर हत्ती उभा करा. उजवा माझा." इथं थांबायचं होतं, पण सवय जाईना. "तसं घासकाम तुम्हाला कुठं सापडणार नाही..." मग त्यालाच ऐकू आलं आपण काय बोलतोय ते. "वाईट केलं मी. तुमचा पाय गेला असता."

कप्तानांनी पिशवीतली जाळी काढून टेबलावर ठेवली.

"मघाशी मी तुमच्या भावाशी फोनवर बोललो," मॅनेजर म्हणाले. "विचारलं, हे तुझं काम का? म्हणाला, काम आमच्या गॅरेजचं आहे, गॅरेज दोघांचं आहे. एवढंच. जास्त बोलला नाही."

थोरल्यानं आयुष्यात कधी 'दोघांचं' म्हटलं नव्हतं. पाटीवरसुद्धा त्याचं एकट्याचं नाव होतं. त्याला तिथल्या तिथं फरशीत गडप व्हावंसं वाटलं.

"गुरुवारी येतो मी, त्याच्याशी नोकरीचं बोलायला," मॅनेजर म्हणाले. "डावा उंबरा कापून दाखवायला सांगणार नाही, काळजी नको."

"भावाशी बोललात?" कप्तानांनी विचारलं.

थोरल्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग आधी इकडे कसे आलात?"

खरं उत्तर एवढंच होतं, की इथं सोपं होतं.

परत आला तेव्हा धाकटा गाडीखालीच होता. नवा पत्रा एका हातानं वर दाबून धरायचा आणि दुसऱ्या हातानं वेल्डिंगचे टाके मारायचे, असं एकट्याचं चाललं होतं. थोरला खाली शिरला. त्यानं जन्मभर दुसऱ्यांना पत्रा धरायला लावलं होतं. आज स्वतः धरला.

"कप्तानांकडे जाऊन आलो."

"हं. वर धर जरा."

"सांगितलं त्यांना. मॅनेजरांनाही. खिडकीच्या जाळीपासून सगळं."

धाकट्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला. ठिणग्या उडाल्या. टाका मारून झाल्यावर म्हणाला, "हात भाजेल, मोजा घाल." आणि थोड्या वेळानं, "सकाळी तिथं सहाजण होते, दादा."

तेवढ्यात दारातून टायरवाल्याची हाक आली. "काय मास्तर! धाकट्यानं पार तोंडघशी पाडलं म्हणायचं तुम्हाला!"

धाकटा दांडा हातात धरून थांबला.

"त्यानं नाही रे," थोरला म्हणाला. "मीच."

"काय? ऐकू नाही आलं!"

ज्याचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे जायचा, त्याचा आवाज दारापर्यंत पोचला नव्हता. थोरल्यानं पत्र्यावरचा हात हळूच सोडला, गाडीखालून सरपटत बाहेर आला, गुडघे झटकत दारात गेला. समोर इस्त्रीवालाही इस्त्री उभी करून बघत होता. बरं झालं, त्याला वाटलं. आणि लगेच वाटलं, कसलं बरं.

"लांबी मी भरली होती," तो म्हणाला, या खेपेला मोठ्यानं. "जाळी मी कोंबली. आणि सकाळी खोटं बोललो."

टायरवाला दारातच थबकला. थोरलाही तसाच उभा राहिला, हात लोंबते सोडून. मागून गाडीखालून धाकट्याची हाक आली.

"दादा, पत्रा पडतोय."