मुदतवाढ आणि सात्या

जुलै महिन्यात शनिवार पेठेतल्या आमच्या कार्यालयात येणारा माणूस खुर्चीत बसायच्या आधी एकच प्रश्न विचारी. "तारीख वाढणार का?"

पगारदारांनी आयकराचे रिटर्न ३१ जुलैपर्यंत भरायचे, हा नियम सगळ्यांना माहीत होता. काही वर्षी सरकारने शेवटच्या दिवशी महिनाभराची मुदत वाढवून दिली होती, हेही सगळ्यांना माहीत होते. लोकांचा विश्वास नियमापेक्षा अपवादावर अधिक होता. आमचे साहेब कर सल्लागार होते, जन्म पेठेतलाच. ते मान वर न करता म्हणत, "तारीख वाढेल, चहाही महागेल. आपण कागद कधी आणताय?"

मी तिथे काही वर्षे रिटर्न तयार करण्याचे काम केले. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तो काळ. वर्षात नोकरी बदललेला मुलगा एकाच कंपनीचा फॉर्म सोळा घेऊन येई. दुसऱ्या कंपनीचा कुठे आहे असे विचारले की म्हणे, "मॅम, ती कंपनी तर मी सोडली ना!" नोकरी सुटली म्हणजे तिथल्या पगारावरचा करही सुटला, अशी त्याची प्रामाणिक समजूत असे. एक निवृत्त मुख्याध्यापक बँकांचे व्याजाचे दाखले कापडी पिशवीतून आणत, पण एका बँकेचा दाखला त्यात कधीच नसे. विचारले की टेबलावर वाकून हळू आवाजात सांगत, "त्या ठेवीचं घरी माहीत नाही." शेजारच्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी बसलेल्या असत. त्या म्हणत, "माहीत आहे. लिहा तुम्ही."

लोणी काळभोरहून टेम्पोचा धंदा असलेले एक गृहस्थ येत. ते कागद कधीच आणत नसत. कागद कधी आणणार, हे सांगायला येत. "म्याडम, घाई काय हाय? वाढतीय की तारीख. पेपरात आलंय."

मला घाई होती. त्याचे कारण कार्यालयात कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

माझे गाव भंडारा जिल्ह्यात आहे. तिकडे श्रावण संपत आला, पोळा जवळ आला, की रानातल्या वारुळांवर पांढरी अळंबी उगवतात. त्यांना आम्ही सात्या म्हणतो. त्या कोणी पेरत नाही आणि कधी निघतील ते कोणी सांगू शकत नाही. दमट हवेत एखाद्या पहाटे निघतात आणि दोन दिवसांत संपतात. ज्याला जागा माहीत असते तो उजाडायच्या आत जातो आणि येताना टोपलीवर फडके टाकतो. जागा सांगायची नाही, फक्त घरच्या माणसाला नेऊन दाखवायची, असा रिवाज आहे.

माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांना त्यांच्या वडिलांनी दाखवलेली एक जागा होती. लहानपणी मला ते न्यायचे नाहीत, गवतात साप असतात म्हणून. मोठी झाले तेव्हा मी तालुक्याच्या वसतिगृहात होते, नंतर पुण्यात. मी एकुलती एक. निवृत्तीनंतर वडील जूनपासून फोनवर आठवण करून देऊ लागले.

"बाई, औंदा येजो. गुडघा बोलून राहिला माझा. चालता येते तोवर जागा दाखवून ठेवतो."

मी पोळ्याच्या आधीच्या आठवड्याचे तिकीट काढले. जुलै संपला की ऑगस्टात कार्यालय रिकामे असे. साहेबांनी रजा मंजूर केली होती.

३१ जुलैला दुपारी मी आयकर कार्यालयाच्या आवारात रिटर्नचा गठ्ठा घेऊन रांगेत उभी होते. तेव्हा रिटर्न कागदी असे आणि पोचपावतीवर शिक्का मारून घ्यावा लागे. पुढून कोणीतरी ओरडले, "वाढली! महिनाभर वाढली!" रांगेत टाळ्या वाजल्या. अनोळखी माणसांनी एकमेकांशी हात मिळवले. बघता बघता निम्मी रांग घरी गेली. मी टेलिफोन बूथवरून कार्यालयात कळवले. साहेब म्हणाले, "झालं. आता सगळे महिनाभर झोपणार आणि पुढच्या महिन्याच्या शेवटी आपल्याला उठवणार."

तसेच झाले. ऑगस्टचे पहिले दोन आठवडे आम्ही रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. तिसऱ्या आठवड्यात जिन्यापर्यंत माणसे उभी राहिली. मी रजेची आठवण केली, तेव्हा साहेब म्हणाले, "अहो, सरकारने तारीख वाढवली, आपण रजा वाढवू. दिवाळीत जा." लोणी काळभोरचे गृहस्थ हसत आले. "म्हनलं नव्हतं का म्याडम?" त्या दिवशीही ते फॉर्मवर सही न करताच गेले. ती घ्यायला मी दुसऱ्या दिवशी बसने लोणीला गेले. येताना स्टेशनवर उतरून तिकीट रद्द केले.

त्या वर्षी गावचा एक विद्यार्थी पुण्याला येताना वडिलांनी दिलेली पुडी घेऊन आला. वाळवलेल्या सात्या होत्या. मी धायरीत एका बाईंकडे खोली घेऊन राहत होते. भिजत घातलेले पातेले पाहून त्या म्हणाल्या, "हे काय? चप्पल शिजवताय?" खाल्ल्यावर म्हणाल्या, "चप्पल बरी आहे." मी त्यांना सांगितले नाही की वाळवलेल्या सात्यांना ताज्यांची चव नसते. वाळवलेल्या कोणालाही मिळतात. ताज्या फक्त तिथे असणाऱ्याला.

त्यानंतर तारीख वाढून रजा बुडाली, असे आणखी एकदा झाले. एका वर्षी तारीख वाढली नाही, तेव्हा श्रावणाच्या शेवटी पाऊस गेला आणि सात्या निघाल्याच नाहीत. वडील दरवर्षी पुढचे वर्ष देत गेले. फोनवर ते आधी गुडघ्याबद्दल बोलत, मग दोन्ही गुडघ्यांबद्दल.

पुढे रिटर्न संगणकावरून भरले जाऊ लागले आणि आवारातल्या रांगा संपल्या. मी एका वर्तमानपत्रात अर्थविषयक पानावर नोकरी धरली. पहिल्याच जुलैअखेरीस मुदतवाढीची बातमी आली, आणि मथळा माझ्याकडे. सहकाऱ्याने सुचवलेला मथळा तयार होता: 'करदात्यांना दिलासा'. मी 'रिटर्नची मुदत महिनाभराने वाढली' असे केले.

वृत्तसंपादकांनी विचारले, "दिलासा कुठे गेला?"

"बातमीत तसं कोणी म्हटलेलं नाही," मी सांगितले. त्यांनी पान छपाईला सोडले.

त्या वाढीव मुदतीचा माझ्याशी काही संबंध उरला नव्हता. रजा मिळाली. मी पोळ्याच्या चार दिवस आधी गावी पोचले.

वडील काठी घेऊन चालत होते. शेजाऱ्याची मोपेड मागून मी त्यांना मागे बसवले आणि पहाटे बोडीच्या पाळीपर्यंत नेले. बोडी म्हणजे आमच्याकडचे लहान तळे, पाळ म्हणजे त्याच्या काठचा मातीचा भराव. पाळीवरून पलीकडे उतरणे त्यांना जमेना. मी हात दिला, तरी जमेना.

"तू जाय," ते म्हणाले. "मी इथून दाखवतो."

ओरडून सांगता येत नव्हते. धानाच्या बांधीत निंदायला बाया आल्या होत्या आणि त्यांनी ऐकले असते. वडिलांनी खांद्यावरचा दुपट्टा हातात घेतला. मी थोडे चालून मागे वळून पाही. दुपट्टा डावीकडे हलला की डावीकडे जाई, उजवीकडे हलला की उजवीकडे. शेवटी तो खाली आला, म्हणजे पोचले. समोर तीन वारुळे होती, एकमेकांपासून चार-सहा पावलांवर. तिन्ही कोरडी. मी परत वळून पाहिले. दुपट्टा खालीच होता.

पाळीवर आल्यावर मी विचारले, "तिन्हींतलं कोणतं?"

"निघाल्या असत्या तर दिसलं असतं."

"पण कोणतं ते सांगा ना, बाबा."

"सांगून नाही समजत, बाई. सगळ्या बाजूंनी नाही निघत त्या. पुढच्या साली दाखवतो." ते मोपेडवर बसले. "पेपरवाले सुट्टी देतात ना पुढच्या सालीबी?"

पोळा झाला आणि मी निघाले. पुण्याला उतरले त्याच दिवशी वडिलांचा फोन आला. "आज निघाल्या. लोकं टोपल्या भरून आणून राहिले."

आता वडील माझ्याजवळ धायरीत राहतात. गावचे घर बंद आहे. इमारतीला लिफ्ट आहे, पण ते खाली क्वचित उतरतात. कोपऱ्यावरच्या दुकानात प्लास्टिकच्या डब्यात मशरूम मिळतात. एकदा मी आणले. त्यांनी एक उचलून वास घेतला आणि डब्यात परत ठेवला. जुन्या क्लायंटपैकी काहींकडे माझा नंबर अजून आहे. जुलै लागला की त्यांचे मेसेज येतात: तारीख वाढणार का? मी कळत नाही असे उत्तर देते.

श्रावणाच्या शेवटी एखाद्या सकाळी हवा दमट आणि बंद असते. वडील गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. समोर दुसरी इमारत आहे.

"आज निघाल्या असतील," ते म्हणतात.

"कोणत्या वारुळावर?"

ते वळून माझ्याकडे पाहतात. "जाऊ ना औंदा. दाखवतो."

मी आत जाऊन पोळ्याच्या आठवड्याच्या गाड्या पाहते.