आईचं अर्धं बोट

‘ए बाई, हात काढ तिथनं. कोण आहे ही? हिला आत कुणी सोडलं?’

हे माझ्या आईला. पंधरावीस पाहुण्यांसमोर. लोणावळ्यातल्या एका बंगल्यात, ज्याची आर्ट गॅलरी केली होती आणि जिथं मी नोकरीला होते. आई भिंतीवरच्या एका फळीपुढं उभी होती, उजवा हात मनगटापर्यंत शेणामातीनं भरलेला. बोलणारा त्या प्रदर्शनाचा चित्रकार. मी टेबलामागं उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून मी लय शूर वाटेन.

आईनं हात काढला. पदराला पुसला नाही, तसाच हवेत धरून ठेवला. म्हणाली, ‘सर, मी हाय. वळाकलं न्हाई का? चार दिस भाकर खाल्ली न्हवं तुमी आमच्याकडं?’

तो पाहुण्यांकडं बघून हसला. ‘सॉरी हं. गावाकडच्या आहेत, त्यांना हे कळत नाही.’

ओळखलं होतं त्यानं. माझी खात्री आहे. अनोळखी बाई असती तर त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं असतं. आईच्या तोंडाकडं त्यानं एकदाही बघितलं नाही.

हा माणूस आमच्या घरी आला तो भातकाढणी झाल्यावर. आमचं गाव आंदर मावळात, गावाच्या कडेला आमची बौद्धवस्ती. दिवसाला दोन एसट्या, त्याही आल्या तर. झोडणीआधी आई खळं सारवत होती. शेण, माती, पाणी हातानं कालवायचं आणि बोटं फिरवत मागं मागं सरकायचं. प्रत्येक बाईच्या बोटांचे फेरे वेगळे असतात. आईचे तर लांबून ओळखू येतात, कारण तिचं उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे. गावातल्या मोठ्या घरी गुरांची वैरण कापताना कुट्टीच्या मशीनमध्ये गेलं. त्यामुळं तिच्या प्रत्येक फेऱ्यात मधली एक रेघ गाळलेली असते.

तो उभ्या उभ्या बघत राहिला. मग म्हणाला, ‘मावशी, हे मला लाकडी फळ्यांवर करून द्याल का? मी करतो तर सुकलं की गळून पडतं.’

मावशी म्हणाला. आमच्या ओट्यावर बसला, आमच्या तांब्यानं पाणी प्याला, तांदळाची भाकर मागून घेतली. आई हरखून गेली. तिनं जन्मभर मोठ्यांच्या घरची अंगणं सारवली, पण उंबऱ्याच्या बाहेरूनच. आतलं त्यांच्या बायका सारवायच्या. आणि हा शहरातला माणूस आमच्या चुलीपुढं जेवायला बसतो, याचं तिला अप्रूप. चार दिवस तो येत राहिला आणि आईनं त्याला फळी सारवून दिली. माझ्या मात्र मनात पाल चुकचुकली. एवढं गोड कुणी उगाच बोलत नाही. मी त्याच्यावर नजर ठेवून होते. पण जाताना तो मला म्हणाला, ‘बी.ए. झालीयेस ना? लोणावळ्यात गॅलरीत लागशील?’ मग मीही गप्प बसले.

प्रदर्शन कसलं, तर वस्तूंसारखी दिसणारी चित्रं. कॅनव्हासचं रंगवलेलं भाताचं पोतं. एक दार, जवळ गेलं की कळतं कडीसुद्धा रंगवलेली आहे. घडी घातलेली ताडपत्री, तीही चित्रच. ही सगळी त्यानं स्वतः केलेली आणि खोटं कशाला बोलू, हातात कसब होतं त्याच्या. शेवटच्या भिंतीवर आईची फळी. खाली पाटी. पाटीवर त्याचं नाव, आणि ‘माती, शेण, लाकूड’. झालं. गॅलरीच्या मालकीणबाईंना, मॅडमना, मी पहिल्याच दिवशी विचारलं की आईचं नाव कुठंय. त्या म्हणाल्या, ‘अगं, मटेरियल लिहितात. कारागिराचं नाव नसतं लिहायचं.’

शेणाचं नाव होतं. आईचं नव्हतं.

मग एकदा त्याला पाहुण्यांना समजावताना ऐकलं. त्या गाळलेल्या रेघेवरून लांबूनच बोट फिरवत तो म्हणाला, ‘ही मधली रिकामी जागा मी मुद्दाम सोडलीय. ही अनुपस्थिती आहे.’

मुद्दाम! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईचं बोट गेलं तेव्हा मी सातवीत होते. कामशेतच्या दवाखान्यात तिचा दुसरा हात धरून बसले होते, आणि ज्यांचं मशीन त्यांच्याकडचं कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं. आणि हा म्हणतो मी सोडली. तरी मी बोलले नाही. नोकरी होती ना. पण त्या दिवसापासून त्याच्या प्रत्येक शब्दाचा मला वास यायला लागला.

मग एका रविवारी आई आली. पोरगी कुठं बसते ते बघायचं होतं तिला. पाहुणे यायचे होते. ती एकेक चित्र बघत शेवटच्या भिंतीपाशी गेली आणि थबकली. ‘आगं, ही तर माजीच फळी. फुटलीय की सगळी.’ एसीच्या हवेनं सारवण तडकलं होतं. आमच्याकडं भेगाळलेली जमीन पाहुण्याच्या नजरेला पडली तर बाईला मान खाली घालावी लागते. आई बाहेर गेली. लोणावळ्यात रस्त्यावर गुरांना काय तोटा. शेण आणलं, बागेतली माती घेतली, माळ्याची बादली घेतली. पाण्याचा तांब्या मीच दिला. मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. स्वतःचं काम बिघडलं तर माणूस नीट करतो, एवढंच मला माहीत होतं.

ती सारवत असतानाच तो पाहुण्यांना घेऊन आत आला. पुढचं मघाशी सांगितलं.

आईला बाहेर पायरीवर बसवलं. मला आत ऑफिसात बोलावलं. मॅडमनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. ‘माझ्या आईने अज्ञानातून कलाकृतीची नासधूस केली, त्याबद्दल मी माफी मागते.’

‘सही कर, आईचा अंगठा घे. नोकरी जाणार नाही तुझी,’ मॅडम म्हणाल्या.

‘आईला सही येते,’ मी म्हणाले. ‘ग्रामसभेत करते ती.’

खरंच सांगते, पेन माझ्या हातात होतं. मी सही करणार होते. तेवढ्यात तो हळू आवाजात म्हणाला, ‘आणि मावशींना उद्या घेऊन ये. सोमवारी बंद असतं. तेवढी फळी पहिल्यासारखी करून देतील.’

पुन्हा मावशी. मी पेन खाली ठेवलं.

‘रविवारी शेण लावलं तर नासधूस. सोमवारी लावलं तर चालतंय. कसं काय सर?’

‘हे बघ, कल्पना माझी आहे. हात कुणाचाही असू शकतो.’

‘मग लावा की कुणाचाही.’

मॅडम म्हणाल्या, तोंड सांभाळून बोल. मी बाहेर गेले, आईला हाताला धरून परत आत आणलं, सगळ्यांसमोर त्या फळीपुढं उभं केलं. ‘आये, हात ठेव.’

‘नगं गं. वरडत्याल.’

‘ठेव.’

तिनं ठेवला. एकेक बोट आपापल्या रेघेवर बसलं आणि अर्धं बोट त्या रिकाम्या जागेपाशी येऊन थांबलं. मी पाहुण्यांना म्हणाले, ‘ही जागा यांनी सोडलेली नाही. इथलं बोट मशीननं तोडलंय.’ एक बाई खाली बघत राहिली. एकानं मोबाईल काढून आईच्या हाताचा फोटो घेतला. तो त्याचं काय करणार, देव जाणे.

स्टेशनवर आई रडली. ‘दिलं असतं गं करून. काय जात हुतं आपलं? तुजी नोकरी तरी ऱ्हायली असती.’ मला तिचा राग आला, मग माझाच आला.

पंधरा दिवसांनी आमच्या वस्तीवर त्याची गाडी आली. डिकीत कोऱ्या फळ्या. तो ‘कुणाचाही हात’ त्याला मिळाला नव्हता, हे उघड होतं. अंगण नुकतंच सारवलेलं. तो पाय टाकणार तेवढ्यात मी म्हणाले, ‘अंगण ओलंय. तिथंच थांबा.’

तो थांबला. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, ‘मावशी...’

आई दारात आली. मला वाटलं आता ही विरघळणार. तिनं विचारलं, ‘सर, पाटीवर माजं नाव लिवनार का?’

‘तसं नसतं मावशी.’

‘मग जावा,’ आई म्हणाली आणि आत गेली.

तो दुसऱ्या गावी जाईल. तिथल्या बाईला मावशी म्हणेल, भाकर मागेल. म्हणून मी आजूबाजूच्या वस्त्यांवर जाऊन सांगून आलेय की फळ्या घेऊन कुणी आला तर आधी विचारा, नाव कुठं लिहिणार. आणि आईची फळी आता पुण्याच्या प्रदर्शनात लागणार आहे, मॅडमच्या टेबलावर पत्रिका बघितली होती मी. आम्ही दोघी जाणार. तिथंही ते म्हणतील, बाई, हात लावू नका. आई हात लावणार आहे.