भाताच्या पोत्यांमधला खर्ज

दोन बास वाजवणारे एका स्टेजवर सहसा भेटत नाहीत. बँडमध्ये गिटारवाले दोन चालतात, गायक तर कितीही चालतात, पण बास, म्हणजे खालच्या सुरांची जाड तारांची गिटार, एकच. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात ना, तसंच. त्यामुळे आमच्या जमातीला एकमेकांना भेटायचं तर मुद्दाम ठरवून, गप्पा मारायलाच भेटावं लागतं. आम्ही तिघं असे रविवारी दुपारी भेटतो, भरे गावात, भाताच्या पोत्यांच्या खोलीत.

तिघांतले सगळ्यात मोठे चाचा. पौडच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, ते आता मुलगा बघतो. तरुणपणी ते ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे. त्यांचा बास गावातल्या सुताराने सागवानाचा करून दिलेला, इतका जड की गळ्यात अडकवला की माणूस आपोआप नमस्कार करतो. दुसऱ्या मॅडम. त्या लवळ्याच्या डोंगरावर एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात आणि पाच तारांचा बास बाळगतात. तिसरा मी. सूसला राहतो, हिंजवडीत नोकरी करतो. कॉलेजचा बँड मोडला तेव्हा बाकीच्यांनी लग्नं केली, मी लग्नही केलं आणि बासही ठेवला.

चाचांनी बासच्या तारा शेवटच्या कधी बदलल्या हे त्यांना स्वतःलाही आठवत नाही. घामाने आणि मळाने तारा मेल्या की आवाज मऊ येतो, असं त्यांचं म्हणणं. मॅडम दर सहामाही परीक्षेच्या आधी नव्या तारा चढवतात, कारण नव्या तारांचा आवाज लख्ख असतो. या एका विषयावर आमचे किती रविवार गेले असतील सांगता येत नाही. "मॅडम, तुमचा बास म्हंजी नवीन भांडं हाय. वाजतंय लई, शिजत न्हाई काय," असं चाचा म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, "चाचा, तुमच्या तारांवर भाजी लावता येईल." मग कुणीतरी हळूच एक सूर लावायचा आणि वाद तिथेच विरून जायचा.

खोली आमच्या आक्कांची. आक्का म्हणजे घरमालकीण. त्यांनी बाकीच्या खोल्या पिरंगुटच्या कारखान्यांतल्या कामगारांना भाड्याने दिल्या आहेत, पण ही स्वयंपाकघराला लागून असलेली खोली भातासाठी राखलेली. दिवाळीनंतर ती इंद्रायणी भाताच्या पोत्यांनी भरते. शहरात लोक खोली घुमू नये म्हणून भिंतींना महागडा फोम लावतात. आम्हाला भाताची पोती होती. त्या पोत्यांमध्ये बसून जाड तार छेडली की सूर भिंतीवरून उडी मारून परत येत नसे, तिथेच बसून राही. कौलाच्या फटीतून उन्हाचा पट्टा यायचा, त्यात भाताचा कोंडा तरंगायचा, आणि आम्ही तिघं एकच सूर धरून इतका वेळ बसायचो की कोण वाजवतंय आणि कोण नुसतं ऐकतंय हे आमचं आम्हालाच कळत नसे. दूर डोंगरावर ढगाची सावली सरकायची. एकदा तर मी वाजवता वाजवता झोपलो, आणि चाचांच्या म्हणण्याप्रमाणे झोपेत चुकलो नाही.

आक्कांना मात्र आमच्यात काहीतरी कमी आहे असं पहिल्यापासून वाटायचं. एकदा चहा घेऊन आल्या आणि दारात उभं राहून त्यांनी बराच वेळ ऐकलं. "तुमच्यात गाणारं कुनीच न्हाई व्हय? नुसतं धुम धुम. म्हशीचं पोट फुगल्यागत." चाचा म्हणाले, "आक्का, गानं वर असतंय. आमी खालचं जोतं." आक्कांना जोतं पटलं, पण घर कुठे आहे हे त्या अधूनमधून विचारतच राहिल्या.

यंदा संक्रांत झाल्यावर माझा खर्ज जायला लागला.

आधी जाड तार बारीक बोलतेय असं वाटलं. वरचे सूर ठीक होते, उलट जास्तच टोकदार होते, पण त्यांच्या खाली जे असायला हवं ते नव्हतं. मी केबल बदलली. मग बासमधली नऊ व्होल्टची बॅटरी बदलली. मग तारा काढून मोठ्या पातेल्यात उकळल्या. उकळल्यावर मळ निघतो आणि मेलेली तार थोडे दिवस जिवंत होते, हा आमच्यातला जुना तोडगा आहे. बायको म्हणाली, "यात पुन्हा डाळ शिजवायची का?" तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता, म्हणून दोष दुसरीकडे कुठे असेल असं मनातही आलं नाही. कानाला अधूनमधून दडे बसायचे, एकदा बसल्या जागी जमीनही कलली, ते मी रस्त्यातल्या चढउतारांवर आणि झोपेवर ढकललं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगणाची फरशी उखडायला निघालो होतो.

चाचांचा आवाजही हल्ली पातळ झाला होता. वय झालं, असं मी मनात म्हटलं आणि मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं.

रविवारी मी दोघांपुढे तक्रार मांडली, "इथे बास कमी येतोय." आता यात गंमत अशी की बास कमी आहे का, असं बासवाल्याला विचारलं तर कुठलाही बासवाला विचार न करता म्हणतो, हो, कमीच आहे. जन्मभर गिटारवाल्याने आणि गायकाने दाबलेली माणसं आम्ही. चाचांनी मान डोलावली, "कमीच हाय." मॅडमनी तर सिद्धांतच मांडला. म्हणाल्या, खोलीत काही जागा अशा असतात की भिंतीवरून परतलेली लाट समोरून येणाऱ्या लाटेला गिळते, तिथे खर्ज उरतच नाही. तुम्ही नेमके तिथे बसताय. त्यातून आक्कांनी नुकतीच निम्मी पोती विकली होती, म्हणजे खोली बदलली होती. सगळं पुराव्यानिशी जुळत होतं.

मग आम्ही स्पीकरचं जड खोकं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवलं. उरलेली पोती हलवली. मी खोलीभर पावलापावलाने फिरून कान लावत होतो, कुठे खर्ज सापडतो का ते बघत. आक्का दारातून म्हणाल्या, "काय हरवलंय?" मी म्हणालो, "खर्ज." त्यांनी पदराने हात पुसले आणि पोत्यामागे वाकून बघितलं. कुठेच सापडेना म्हटल्यावर आम्ही अ‍ॅम्पचा आवाज वाढवला. पुढच्या रविवारी आणखी वाढवला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचं काम आम्ही तिघांनी मोठ्या आनंदाने चालवलं होतं, आणि खरं सांगतो, ते दिवस मजेत गेले.

मग तो रविवार आला. खोलीतलं शेवटचं पोतंही गेलं होतं. मॅडम म्हणाल्या, "आज माझी पाचवी तार वाजवून बघू, ती सगळ्यात खालची." त्यांनी अ‍ॅम्पचं बटण पुरतं फिरवलं. मी खोकं समोर ठेवून मांडी घालून बसलो. भिंतीपलीकडे आक्कांच्या मांडणीवरची स्टीलची ताटं किणकिणायला लागली. अगदी नाजूक, देवळात दूरवर कुणी आरतीची तयारी करतंय तसा आवाज. पेले एकमेकांवर वाजत होते, एखादा चमचा थरथरत होता. मला तो आवाज फार आवडला. पण आम्ही खर्जासाठी बसलो होतो, म्हणून मी म्हणालो, "मॅडम, आधी ताटं थांबू देत, मग वाजवा."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचं बोट तारेवर होतं आणि तार हलत होती.

"मी वाजवतेय," त्या म्हणाल्या.

चाचांनी हात पुढे करून अ‍ॅम्प बंद केला. ताटं थांबली. मला आधी लाज वाटली आणि मग भीती वाटली.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. म्हणाल्या, कानाच्या आत पाणी असतं, त्याचा दाब वाढतो, आणि या आजारात खालचे आवाज आधी जातात. डावा कान बराच गेलाय, उजवाही त्याच वाटेवर आहे. मीठ कमी करा, गोळ्या घ्या, मोठा आवाज टाळा. कधी थोडं परत येईल, कधी जाईल, खात्री देता येत नाही. चिमण्या, पेले, बायकोचं बोलणं, सगळं ऐकू येत राहील. "बऱ्याच लोकांना फार उशिरा कळतं, तुम्हाला लवकर कळलं," असं त्या कौतुकाने म्हणाल्या. मी तारा उकळल्याचं त्यांना सांगितलं नाही.

सतार वाजवणारा असतो तर निभावलं असतं, असं मनात येई. माझ्याकडे होतं ते नेमकं तेवढंच न्यायचं होतं का, असा रागही येई. कुणावर येई ते माहीत नव्हतं. मी बास पिशवीत भरून कपाटामागे उभा केला आणि भऱ्याला जाणं बंद केलं. एका ओळखीच्याला म्हणालो, घेणारं कुणी असेल तर बघ. मोठेपणी मला नोकरी आणि घर मिळालं, पण मी कोण, असं कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तर मी बासवाला असंच सांगितलं असतं. आता त्या उत्तराचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

बातमी पौडपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. चाचांचा फोन आला. फोनवर त्यांचा आवाज पूर्वीसारखाच आला, कारण फोनमध्ये खर्ज मुळात नसतोच, तिथे सगळे सारखे.

"बास इकतोयस म्हनं."

"हो चाचा. आता ठेवून काय करू?"

"इक. पन आदी हितं घिऊन ये. नीट बघून, पुसून दिऊ. कळकट बास कुनाला देऊ न्हाई."

ज्याच्या तारांवर भाजी लावता येते त्या माणसाने हे म्हणावं, याचं मला हसू आलं. हसू आलं म्हणून मी गेलो.

खोली रिकामी होती. चाचांनी माझा बास पुसलाही नाही, सरळ माझ्या मांडीवर ठेवला. मी म्हणालो, मला माझंच वाजवणं ऐकू येत नाही, सुरात आहे की नाही ते कसं कळणार. चाचा म्हणाले, "आर्केस्ट्रात मला तरी कुटं कळत हुतं? बाजूला ट्रंपेटवाला, मागं ढोल. सबंद गनपतीत सोताचा सूर एकदा ऐकला न्हाई. ढोलवाल्याच्या पायाकडं बघायचं आन् लाकूड बरगडीला लावून ठिवायचं. बरगडी सांगती."

त्यांनी मला स्पीकरच्या खोक्याला पाठ टेकवून बसवलं. मॅडमनी अ‍ॅम्प अगदी कमी ठेवला, डॉक्टरांची अट त्यांना पाठ होती. बासचं खोड मी बरगडीवर घट्ट धरलं. दोघांनी एक संथ चाल सुरू केली, चारच सुरांची, पुन्हा पुन्हा तीच. पहिल्यांदा काहीच नव्हतं. नुसती त्यांची बोटं हलत होती. मग पाठीत काहीतरी हललं, बरगडीला काहीतरी लागलं, आणि त्या दोन्हींच्या मधे मी माझा सूर ठेवला. चुकलो, पुन्हा ठेवला. मी डोळे मिटले.

त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. आधी अंगात होतं ते हळूहळू कानात आलं, किंवा कानात आल्यासारखं वाटलं. चाचांची मेलेली तार आली, मऊ, जराशी मागे रेंगाळणारी. मॅडमची लख्ख तार आली, नेहमीप्रमाणे किंचित घाईत. मी त्या दोघांच्या मधून चालत होतो. धरणाच्या पाण्यात उतरावं आणि पाणी गार नसावं, तसं काहीतरी होतं. मला फार आनंद झाला. इतका की मी रडत होतो, आणि रडताना चाल सुटली नाही.

बऱ्याच वेळाने डोळे उघडले. उन्हाचा पट्टा समोरच्या भिंतीवर चढला होता. त्या दोघांचे बास भिंतीला टेकवून ठेवलेले होते. मॅडम आणि चाचा खाली बसून माझ्याकडे बघत होते, दोघांच्या हातात रिकामे कप होते. माझा चहा शेजारी ठेवलेला होता, त्यावर जाड साय धरली होती.

"तुम्ही थांबलात कधी?" मी विचारलं.

"मगाशीच," मॅडम हळूच म्हणाल्या. "आक्का चहा घेऊन आल्या तेव्हा."

"पण मला तुम्ही दोघंही ऐकू येत होतात."

चाचांनी कप खाली ठेवला.

"मग इकू नगं," ते म्हणाले.